युद्धविराम, शस्त्रसंधी, युद्धबंदी, तह : नेमका फरक काय?

शब्दवेधी

एकाच बातमीला एका वर्तमानपत्रात 'शस्त्रसंधी' म्हणतात, दुसऱ्यात 'युद्धविराम', तिसऱ्यात 'युद्धबंदी'. वाहिन्यांवर तर 'युद्ध संपलं' अशीच पट्टी फिरते. १० मे २०२५ ला हेच झालं. त्या दिवशी दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांचे महासंचालक) आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून जमीन, हवा आणि समुद्र, तिन्हीकडे गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं. परराष्ट्र सचिवांनी वाचून दाखवलं ते एवढंच, आणि १२ तारखेला दुपारी १२ वाजता दोघे पुन्हा बोलतील असं. तहाचा त्यात उल्लेखही नव्हता.

म्हणून विचारतो. लढाई तात्पुरती थांबवण्याच्या कराराला नेमकं काय म्हणायचं? असा करार झाला की युद्ध कायद्याने संपतं का? आणि मुळात त्या कागदात लिहिलेलं असतं काय? जाणकारांनी हात आखडता न घेता लिहावं.

तोफखाना

चांगला विषय काढलात. या सगळ्या पायऱ्या आहेत आणि घोळ होतो तो पायऱ्या एकमेकींत मिसळल्यामुळे.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे एका ठिकाणापुरती, काही तासांपुरती थांबवलेली लढाई. जखमी उचलायचे असतात, मृतदेह न्यायचे असतात, अडकलेली माणसं बाहेर काढायची असतात. हे तिथले दोन्हीकडचे कमांडर आपापसात ठरवू शकतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे सबंध आघाडीवर गोळीबार थांबवण्याचा आदेश. इथे ज्याचं सैन्य जिथे उभं आहे तिथेच राहतं, बाकी काही ठरलेलं नसतं. तिसरी पायरी लेखी कराराची: रेषा कुठून जाणार, सैन्य किती मागे घ्यायचं, कैद्यांचं काय, देखरेख कोण करणार, हे सगळं कलमवार. आणि सर्वांत वर तह. त्यात राज्यांचा वाद मिटवलेला असतो आणि युद्धाची अवस्था संपल्याचं म्हटलेलं असतं.

शरणागती या शिडीवर बसतच नाही, ती वेगळी गोष्ट. १९७१ चं एकच युद्ध बघा. १६ डिसेंबरला ढाक्यात सही झाली ती शरणागतीच्या दस्तऐवजावर. समोरच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली आणि ते कैदेत गेलं. पश्चिम आघाडीवर मात्र भारताने १७ डिसेंबरला रात्री ८ पासून एकतर्फी लढाई थांबवली, ती पाकिस्तानने मान्य केली. तिथे कोणी शस्त्रं खाली ठेवली नाहीत, दोन्ही फौजा समोरासमोर तशाच बसून राहिल्या. एकाच युद्धाचा शेवट पूर्वेला एक आणि पश्चिमेला दुसरा.

मोडीवाचक

शब्द शोधायला फार लांब जायला नको. मराठीत 'तहकूब' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या याच अर्थाने बसलेला आहे. सभा तहकूब होते तेव्हा ती संपलेली नसते. विषयपत्रिका तीच, सभासद तेच, पुढची तारीख पडली की तिथूनच पुढे सुरू. सभा बरखास्त झाली की मात्र विषय मिटला. लढाई थांबवण्याचा करार म्हणजे लढाई तहकूब. तह झाला म्हणजे लढाई बरखास्त.

जुन्या कागदांत 'सलूख' आणि 'सल्ला' हेही येतात. त्यांचा रोख समेटाकडे, सख्याकडे असतो. 'लढाई तहकूब केली' यात सख्य गृहीतच नाही.

अडुळसा

तहकूब आणि बरखास्त! हे आधी सुचायला हवं होतं. +१

न्यायतुला

मोडीवाचक यांचा 'तहकूब' कायद्याच्याही अगदी जवळ जातो. १९०७ च्या हेग नियमावलीतली (जमिनीवरच्या युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) ३६ ते ४१ ही सहा कलमं याच विषयावर आहेत, आणि ती इतकी व्यवहारी आहेत की सारांश देते.

कलम ३६ : शस्त्रसंधी परस्परसंमतीने लष्करी कारवाया *स्थगित* करते. मुदत घातली नसेल तर कोणतीही बाजू केव्हाही पुन्हा लढाई सुरू करू शकते, मात्र करारात ठरल्याप्रमाणे आधी शत्रूला सूचना द्यायची. कलम ३७ : ती सर्वत्र लागू होणारी असू शकते किंवा ठराविक टापूपुरती. कलम ३८ : अधिकाऱ्यांना आणि सैन्याला वेळेत, अधिकृतपणे कळवली पाहिजे, कळवल्याबरोबर किंवा ठरलेल्या वेळेला लढाई थांबते. कलम ३९ : त्या टापूतल्या रहिवाशांशी संबंध कसे ठेवायचे ते करारात ठरवा.

आता शब्दवेधींनी न विचारलेला पण खरा महत्त्वाचा प्रश्न: करार मोडला असं केव्हा म्हणायचं? कलम ४० म्हणतं, एका बाजूने *गंभीर* भंग केला तर दुसरीला करार रद्द करण्याचा अधिकार आहे, आणि निकड असेल तर ताबडतोब लढाई सुरू करण्याचाही. कलम ४१ मात्र वेगळं आहे. कोणी व्यक्तीने स्वतःच्या मनाने भंग केला, तर फक्त अपराध्याला शिक्षा मागता येते आणि नुकसान झालं असल्यास भरपाई. म्हणजे रात्री एका चौकीतून कोणी चार गोळ्या झाडल्या म्हणून सबंध करार कोसळत नाही. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली हे आधी बघायचं. 'शस्त्रसंधीचा भंग' असा मथळा वाचताना ४० आणि ४१ मधला हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा.

कोयनाकाठ

न्यायतुला, कलमं बरोबर आहेत पण निष्कर्षाशी पूर्ण सहमत नाही. १९०७ साली युद्ध पुकारणं हा राज्यांचा हक्कच समजला जायचा. संयुक्त राष्ट्रांची सनद आल्यावर बळाच्या वापरालाच बंदी झाली, अपवाद स्वसंरक्षणाचा. मग 'केव्हाही सूचना देऊन पुन्हा सुरू करा' हे कलम ३६ जसंच्या तसं कसं चालेल?

याला आधार आहे. इजिप्त आणि इस्रायल यांची शस्त्रसंधी २४ फेब्रुवारी १९४९ ला ऱ्होड्स बेटावर झाली. त्यानंतरही इजिप्त सुएझ कालव्यातून इस्रायलकडे जाणारा माल अडवत राहिला. त्याचं म्हणणं, युद्ध कायद्याने संपलेलं नाही, म्हणून आम्हाला युद्धमान पक्षाचे अधिकार आहेत. १ सप्टेंबर १९५१ च्या ठराव ९५ मध्ये सुरक्षा परिषदेने हे मानलं नाही. अडीच वर्षं चाललेली शस्त्रसंधी कायमस्वरूपाची आहे आणि तिच्या आडून झडती-जप्तीचे अधिकार सांगता येणार नाहीत, असं ठरावात आहे. तेव्हा 'तहकूब' हा शब्द सुंदर असला तरी काही सभा अशा तहकूब होतात की पुन्हा भरवायची परवानगीच राहत नाही.

न्यायतुला

कोयनाकाठ, मुद्दा मान्य. दुरुस्ती करून घेते: हेगची कलमं करार *कसा* करायचा आणि कसा कळवायचा यासाठी आजही उपयोगी आहेत. पुन्हा युद्ध सुरू करण्याचा मोकळा परवाना म्हणून ती आज वाचता येणार नाहीत. पण युद्धाची अवस्था संपते ती शस्त्रसंधीने की तहाने, यावर तुमच्या ठरावाने निर्णय दिलेला नाही. त्याने एकच अधिकार नाकारला.

रूळवेडी

११ नोव्हेंबर १९१८ चा कागद इथे आलाच पाहिजे. 'पहिलं महायुद्ध त्या दिवशी संपलं' असं पाठ्यपुस्तकात असतं, आणि करारात मुदत होती ३६ दिवसांची! हवं तर वाढवायची, आणि मोडायचा तर ४८ तास आधी सूचना. १३ डिसेंबर, १६ जानेवारी, १६ फेब्रुवारी अशी तीन वेळा वाढवली, शेवटची बेमुदत. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा आणि तो अमलात आला १० जानेवारी १९२० ला. एवढा काळ युद्ध तहकूबच होतं, आणि जर्मनीची समुद्री नाकेबंदीही जुलै १९१९ पर्यंत चालू होती. कलम २६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

माझा रस कलम ७ मध्ये. सुस्थितीतली ५,००० रेल्वे इंजिनं आणि १,५०,००० वाघिणी (मालगाडीचे डबे) दोस्त राष्ट्रांच्या हवाली करायच्या. ५,००० ट्रकही. शस्त्रांच्या यादीत ५,००० तोफा (निम्म्या जड, निम्म्या मैदानी), २५,००० मशीनगन, ३,००० खंदकी उखळी तोफा, १,७०० विमानं. मशीनगनचा आकडा आधी ३०,००० होता. देशात बंडाळी सुरू आहे, सुव्यवस्था राखायला काही तरी ठेवा, असं जर्मन प्रतिनिधींनी सांगितल्यावर तो खाली आला.

इंजिनं का मागितली हे समजलं की शस्त्रसंधीचा हेतू कळतो. त्या काळी सैन्याची जमवाजमव रेल्वेवर होत असे. इंजिनं आणि वाघिणी गेल्या की उद्या जर्मनीने मन बदललं तरी फौज आघाडीवर आणता येत नाही. शस्त्रसंधी लिहिणारा माणूस विश्वासावर काही सोडत नाही, दुसऱ्या बाजूला पुन्हा लढणं अवघड होईल अशी तजवीज करतो.

तोफखाना

रूळवेडी, अगदी हेच. आणि त्या दिवसाच्या घड्याळाबद्दलही लिहायला हवं. सह्या झाल्या पहाटे ५ च्या सुमारास, लढाई थांबायची सकाळी ११ ला, फ्रेंच वेळेनुसार. मधले सहा तास कशासाठी? हुकूम सैन्याच्या मुख्यालयातून कोअरकडे, तिथून डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन, आणि शेवटी खंदकातल्या कंपनीपर्यंत जायला. तार आणि टेलिफोन तुटलेले असतात, शेवटचा टप्पा धावत जाणाऱ्या निरोप्याचा. कलम ३८ मधलं 'वेळेत कळवणं' म्हणजे व्यवहारात हे.

पण त्या सहा तासांत माणसं मेली. अमेरिकन सैनिक हेन्री गुंथर १०.५९ ला मारला गेला. आणि पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती लेटो-फोरबेक यांच्या तुकडीला बातमी कळायलाच आणखी दोन-तीन दिवस गेले. त्यांनी शस्त्रं खाली ठेवली २५ नोव्हेंबरला.

म्हणून थांबण्याची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाने, हे लिहावंच लागतं. १९६५ ला आपल्याकडे २३ सप्टेंबरची पहाट होती, भारतीय वेळेनुसार ३.३०. काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ संपायला एक मिनिट असताना.

अडुळसा

मराठीच्या पेपरात 'संधी सोडवा' असा प्रश्न असतो. कोरियाची संधी १९५३ पासून कोणालाच सुटलेली नाही. त्यावर कोणी लिहील का?

सह्याद्रीपार

अडुळसा, लिहितो. जरा लांबेल.

कोरियन युद्धात एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालची फौज. वाटाघाटी सुरू झाल्या १० जुलै १९५१ ला केसाँगमध्ये, ऑक्टोबरात त्या पानमुंजोमला हलल्या. सही झाली २७ जुलै १९५३ ला. दोन वर्षं आणि १७ दिवस. त्या सगळ्या काळात लढाई चालूच होती, कारण आधी करार मग थांबणं असं ठरलेलं होतं. नोव्हेंबर १९५१ मध्ये रेषेवर एकमत झालं, पण अट अशी: ३० दिवसांत बाकी सगळं ठरलं तरच ही रेषा धरायची, नाहीतर शेवटी सैन्य जिथे असेल ती. ३० दिवस उलटले. मग प्रत्येक टेकडी पुन्हा मोलाची झाली आणि तिच्यासाठी माणसं मरत राहिली. वाटाघाटी करणाऱ्यांनी घातलेली एक मुदत किती महाग पडते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सही सकाळी १० ला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने लेफ्टनंट जनरल हॅरिसन, उत्तर कोरियाच्या बाजूने जनरल नाम इल. इंग्रजी, कोरियन, चिनी अशा मिळून १८ प्रती. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. सह्या करून आले तसे निघून गेले. लढाई थांबली रात्री १० ला. मधल्या १२ तासांत तोफा चालू होत्या. दक्षिण कोरियाने सही केली नाही, आजवर नाही.

कागदात काय होतं ते शब्दवेधींच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एकूण ६३ परिच्छेद. सीमांकन रेषेपासून दोन्ही बाजूंनी २ किलोमीटर मागे, म्हणजे मध्ये ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा. ७२ तासांत पट्टा रिकामा करायचा. सुरुंग आणि तारांची कुंपणं कुठे आहेत ते कळवायचं आणि त्यापुढच्या ४५ दिवसांत काढायचं. बाहेरून सैनिक आणायचे ते फक्त बदली म्हणून, आणि महिन्याला ३५,००० पेक्षा जास्त नाहीत. शस्त्र निकामी झालं तर त्याच प्रकारचं, एकास एक. ही आवक उत्तरेत पाच आणि दक्षिणेत पाच अशा ठरलेल्या ठिकाणांवरूनच, आणि तिथे स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांचे निरीक्षक बसणार. भंगाच्या तक्रारी दोन्हीकडचे पाच-पाच अधिकारी असलेल्या लष्करी आयोगाकडे. रेषेवर १,२९२ पाट्या लावल्या. दक्षिणेकडच्या बाजूला कोरियन आणि इंग्रजी मजकूर, उत्तरेकडच्या बाजूला कोरियन आणि चिनी.

बिघडलं कुठे? पहिलं कोसळलं 'एकास एक' चं कलम. निरीक्षकांना मोकळेपणाने तपासू दिलं नाही, एकमेकांवर आरोप झाले आणि जून १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कमांडने ते कलम आपल्यापुरतं संपलं असं जाहीर केलं. दुसरं, परिच्छेद ६० प्रमाणे तीन महिन्यांत राजकीय परिषद भरायला हवी होती. ती भरली एप्रिल १९५४ मध्ये, जिनिव्हाला, आणि कोरियाबद्दल काही न ठरताच उठली. तिसरं, समुद्र. पश्चिम किनाऱ्याजवळची पाच बेटं संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात राहतील एवढंच लिहिलं, समुद्रात रेषा आखलीच नाही. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या कमांडने एकतर्फी रेषा ओढली, उत्तरेने ती मानली नाही. १९९९ ला तिथे नौदलांची चकमक, २००२ ला पुन्हा, आणि २३ नोव्हेंबर २०१० ला योनप्योंग बेटावर तोफगोळे.

जमिनीवरचा, नीट लिहिलेला पट्टा मात्र टिकला.

अडुळसा

वाचनखूण साठवली. कैद्यांबद्दल राहिलं का? तिथे भारतीय सैन्य होतं असं वाचल्याचं आठवतं.

मोडीवाचक

कैद्यांवरून एक अवांतर, पण धाग्याच्या विषयाला धरून. हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे लढाईत पकडलेला माणूस. मराठीत त्याला 'युद्धकैदी', आणि 'युद्धबंदी' म्हणजे लढाई थांबणं, दारूबंदी-नोटाबंदीतली बंदी. हिंदी बातमीवरून घाईत मराठी केलं की 'युद्धबंदी की अदला-बदली' ची 'युद्धबंदीची अदलाबदल' होते आणि वाक्याला काही अर्थ राहत नाही. भाषांतर करणाऱ्यांनी हे टाचून ठेवावं.

सह्याद्रीपार

अडुळसा, होतं, आणि त्याचे प्रमुख मराठी होते.

पानमुंजोमला दीड वर्ष अडलं ते कैद्यांवर. परत जायला तयार नसलेल्यांना जबरदस्तीने पाठवायचं का, हा प्रश्न. तोडगा असा निघाला की जाणारे ६० दिवसांत जातील, आणि नकार देणाऱ्यांना पाच तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचं. अध्यक्ष भारत, म्हणजे जनरल थिमय्या. पहाऱ्याचं सैन्य फक्त भारताचं. त्या पाच-सहा हजारांच्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, जे पुढे आपल्या पूर्व विभागाचे सेनापती झाले.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असं सांगितलं होतं. म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून आपले जवान थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. ताब्यात आले २२,६०० च्या आसपास कैदी, त्यातले १४,००० हून अधिक चिनी. दुसऱ्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे ३५९. कैद्याला तंबूत बसवायचं, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने समजावायचं, आयोगाने बघायचं, मग कैद्याने एका किंवा दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. मुदत ९० दिवस. पण छावण्यांमध्ये कैद्यांच्याच कट्टर टोळ्यांचं राज्य होतं. त्या कोणाला तंबूपर्यंत येऊ देत नव्हत्या, म्हणून ही समजावणी ९० पैकी थोडेच दिवस झाली. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून डांबलं, तेव्हा थोरात मोजक्या अधिकाऱ्यांनिशी स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. कुंपणाबाहेर सशस्त्र पलटण उभी असताना गोळी न चालवणं, हे त्या कामाचं मर्म होतं.

जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपल्यावर उरलेले कैदी ज्या बाजूकडून आले तिलाच परत केले. दोन्ही कोरिया, चीन, तैवान यांपैकी कुठेही न जाऊ इच्छिणारे ८८ जण आपल्या सैन्याबरोबर भारतात आले.

न्यायतुला

याला जोडून: १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडायचे. तहाची वाट बघायची नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन कैदी तह होईपर्यंत अडकून पडले, त्या अनुभवातून हे आलं. तरी १९७१ च्या कैद्यांची परतपाठवणी ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतरच सुरू झाली.

कोयनाकाठ

सही करणाऱ्याला अधिकार होता का, यावर कोणी बोललेलं नाही. त्याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे: वडगाव, जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावपर्यंत आली, रसद तुटली म्हणून रातोरात मागे फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला घेरलं. करार झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, राघोबाला महादजी शिंद्यांच्या हवाली करायचं, आणि हमीसाठी फार्मर आणि स्टुअर्ट हे दोन इंग्रज ओलीस. फौज सुटून मुंबईला पोचली आणि कंपनीने करार झिडकारला. म्हणे, सही करणाऱ्यांना तो अधिकारच नव्हता. युद्ध पुढे चाललं ते सालबाईच्या तहापर्यंत, १७८२.

मोडीवाचक

कोयनाकाठ, उत्तम उदाहरण. फौजेला वाट देणं हे रणांगणावरच्या सेनापतीच्या हातचं काम. मुलूख परत देणं हे दरबाराचं. वडगावला दोन्ही एका कागदावर आले, आणि पहिलं अमलात आलं ते इंग्रजांच्या फायद्याचं होतं. दोन ओलीस म्हणजे हमी म्हणून फारच थोडी. रूळवेडींच्या ५,००० इंजिनांशी ताडून पाहा.

नकाशावाला

काश्मीरच्या रेषेवर लिहितो, कारण कोरियातल्या समुद्राचा जो किस्सा झाला तोच आपल्याकडे बर्फात झाला. योगायोग म्हणजे तारीखही तीच.

२७ जुलै १९४९, कराची : काश्मीरमधली युद्धविराम रेषा ठरवणारा करार. भारताकडून लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, पाकिस्तानकडून मेजर जनरल कॉथॉर्न. दक्षिणेला मनावरपासून केरनपर्यंत आणि तिथून पूर्वेकडे, गावं, नाले, शिखरांची उंची सांगत रेषेचं वर्णन येतं. दोन्ही सैन्यांनी रेषेपासून किमान ५०० यार्ड लांब राहायचं, किशनगंगा हीच रेषा असेल तिथे सोडून. आणि रेषा उपलब्ध असेल तिथे एक इंच = एक मैल नकाशावर काढायची, मग स्थानिक कमांडरांनी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांबरोबर जमिनीवर चालून पक्की करायची.

ही पायरी गाळता येत नाही. एक इंच = एक मैल म्हणजे १:६३,३६०. नकाशावर पेन्सिलीची एक मिलिमीटर जाड रेषा जमिनीवर ६३ मीटर रुंद होते. डोंगरात ६३ मीटर म्हणजे पाणवठा कोणाचा, धारेचा माथा कोणाचा, हे ठरवणारं अंतर. रेषेच्या कोणत्या कडेपासून ५०० यार्ड मोजायचे? जाड पेन्सिलीनेच भांडण लागतं.

आणि टोकाला काय लिहिलं? चालुंका, खोर, 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत'. बस्स. वर कोणी राहत नाही, लढेल कोण, अशी समजूत. ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगडला लेफ्टनंट जनरल भगत आणि लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी नवी नियंत्रण रेषा नकाशांवर पक्की केली, तीही एनजे ९८४२ या बिंदूवर थांबली. त्यापुढे भारत म्हणतो उत्तरेकडे, म्हणजे साल्टोरो धारेने. पाकिस्तानने तिथून थेट काराकोरम खिंडीपर्यंत तिरपी रेघ धरली. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचिन ताब्यात घेण्याची भारताची मोहीम, झालं. एका अर्धवट वाक्याची किंमत सियाचिनमधले जवान आजही मोजत आहेत, आणि हे लिहिताना राग येतो.

तोफखाना

नकाशावाला, शंभर टक्के. भारत-पाकमधली आजची यंत्रणाही लिहून ठेवू. २५ नोव्हेंबर २००३ च्या मध्यरात्रीपासूनची शस्त्रसंधी, जिच्यात सियाचिनची प्रत्यक्ष ताबारेषाही धरली होती, तिच्यामागे सविस्तर लेखी करार नव्हता. फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंचं संयुक्त निवेदन आलं, तेही आधीच्या समझोत्यांचं काटेकोर पालन करू एवढंच सांगणारं. सगळी भिस्त दोन गोष्टींवर. एक, डीजीएमओंमधली हॉटलाइन. दुसरी, खाली सेक्टर पातळीवरच्या ध्वजबैठका, उदाहरणार्थ पूंछजवळ चकन-दा-बागला. तारीख, वेळ, बिंदू आधी ठरतो, पांढरा ध्वज, ठरलेलेच अधिकारी, आणि बोलणं ठराविक तक्रारीवर: अमक्या चौकीसमोर बांधकाम चालू आहे, अमक्या वेळी गोळीबार झाला. न्यायतुलांनी सांगितलेला ४० आणि ४१ चा फरक इथेच चाळला जातो. कोरियासारखा पट्टा नाही, आयोग नाही. एका चौकीतल्या प्रसंगाला उत्तर म्हणून उखळी तोफा, त्याला उत्तर म्हणून मोठ्या तोफा, असं वर चढत जायला म्हणून वेळ लागत नाही.

शब्दवेधी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो आणि शब्द मांडतो, चुकलं तर सांगा. थोड्या वेळासाठी, एका ठिकाणी : 'तात्पुरता युद्धविराम'. सबंध आघाडीवर नुसतं थांबणं : 'युद्धविराम'. रेषा, माघार, कैदी, देखरेख लिहिलेला करार : 'शस्त्रसंधी'. वाद मिटवणारा : 'तह' किंवा 'शांतता करार'. 'युद्धबंदी' मोडीवाचकांच्या कारणासाठी टाळावा. या हिशोबाने १० मे २०२५ ला झाला तो युद्धविराम, आणि २७ जुलै १९५३ ला झाली ती शस्त्रसंधी.

मोडीवाचक

'शस्त्रसंधी' बद्दल थोडी शंका. कौटिल्याच्या सहा गुणांत संधी म्हणजे अटी बांधून केलेला करार, आणि नुसतं स्वस्थ बसणं म्हणजे 'आसन'. त्या अर्थाने तुमची विभागणी बरोबरच आहे: अटी आहेत तिथे संधी. पण 'शस्त्रसंधीचा भंग' हा प्रयोग नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारासाठी इतका रुळला आहे की तो आता कोणी बदलणार नाही.

कोयनाकाठ

बदलू नये. रुळलेला शब्द राहू दे, फक्त बातमीत पहिल्याच वाक्यात केव्हापासून, कुठे आणि कोणी ठरवलं हे यावं.

सह्याद्रीपार

शब्दवेधी, तुमचा दुसरा प्रश्न, युद्ध संपतं का, त्यावर पानमुंजोमच्या कागदातला परिच्छेद ६२ सांगून थांबतो. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या दुरुस्त्या किंवा राजकीय पातळीवरचा शांततेचा करार याची जागा घेईपर्यंत हा करार लागू राहील, असं तिथे आहे. असा करार अजून झालेला नाही, त्यामुळे त्या रात्री १० वाजता लागू झालेला कागदच तिथे आज चालू आहे.

अडुळसा

म्हणजे सभा तहकूबच.